पणजीत इफ्फी : आधी जुने चित्रपट बुक करा

इफ्फीचं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, वेळापत्रक आलं की बहुतेक जण आधी कान, व्हेनिस, बर्लिनहून गाजत आलेली नावं शोधतात. मी आधी रिस्टोअर केलेले, म्हणजे खराब झालेली प्रत दुरुस्त करून पुन्हा आणलेले, जुने चित्रपट कधी आहेत ते बघतो आणि उरलेल्या जागेत नवे बसवतो. गाजलेला नवा चित्रपट आज ना उद्या थिएटरात नाहीतर ओटीटीवर सापडतोच. फाळक्यांचा 1919 सालचा मूकपट मोठ्या पडद्यावर, तोही समोर वादक बसवून, परत कधी बघायला मिळेल याचा नेम नाही.

2024 चं वर्ष त्या दृष्टीने मेजवानीचं होतं. राज कपूर, बंगाली दिग्दर्शक तपन सिन्हा, तेलुगू अभिनेते अक्किनेनी नागेश्वर राव आणि मोहम्मद रफी या चौघांची जन्मशताब्दी एकाच वर्षी आलेली. त्यामुळे 'आवारा', 'हम दोनों', 'देवदासु' अशी रांगच लागली होती.

फाळक्यांचा तो मूकपट, 'कालिया मर्दन', कथेने सुरूच होत नाही. आधी दिसते फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. हसू, राग, भीती, असे एकेक भाव ती चेहऱ्यावर आणून दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. थोडक्यात, 'ही माझी लेक, आता हिचं काम बघा' असं सांगूनच फाळके खेळ सुरू करतात. मोबाइलवर हा भाग पुढे ढकलला जातो. इथे मात्र त्या पोरीच्या भुवईची हालचाल शेवटच्या रांगेतल्यांनाही कळत होती आणि हॉल खळखळून हसत होता. सात्यकी बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या जिवंत संगीताने खरी जादू केली. मूकपटाला नंतर चिकटवलेलं पार्श्वसंगीत बहुतेक वेळा आपल्याच नादात वाजत राहतं. इथे वादकांची नजर पडद्यावर होती. नागाशी झटापट सुरू झाली तसा ताल चढला, आणि माझ्या शेजारचे आजोबा चक्क पुढे सरकून बसले.

'आवारा' मी टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलाय की संवाद आधीच ओठांवर येतात. तरी मोठ्या पडद्यावर तो वेगळाच निघाला. स्वप्नाच्या दृश्यातलं धुकं टीव्हीवर नुसता पांढरा गोळा दिसतं; रिस्टोअर केलेल्या प्रतीत त्याचे थर दिसतात, छायालेखक राधू कर्माकरांचा प्रकाश दिसतो. कोर्टात न्यायासनावर राज कपूरचे खरे आजोबा बसलेत आणि लहानपणीचा राज म्हणजे शशी कपूर, हे माहीत असलं तर बघायला आणखी मजा. गाणी लागल्यावर लोक मोठ्याने गायला लागतात. तुम्हाला त्याचा त्रास होत असेल तर भिंतीकडची खुर्ची घ्या.

नव्यांपैकी उद्घाटनाचा 'बेटर मॅन' गमतीदार. ब्रिटिश गायक रॉबी विल्यम्सच्या आयुष्यावर आहे आणि नायक म्हणून चक्क वानर. थोड्या वेळाने आपण ते विसरतो, हे दिग्दर्शकाचं यश. पण चित्रपट लांबला, आणि दुसरा अर्धा भाग ओळखीच्याच रस्त्याने गेला. उद्घाटनाच्या चित्रपटासाठी जिवाचा आटापिटा करू नका.

मनात रुतला तो लिथुआनियाचा 'टॉक्सिक'. साउले ब्लिउवाइते यांचा पहिलाच चित्रपट, स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आलेला. एका उजाड औद्योगिक गावातल्या तेरा वर्षांच्या दोन मुली मॉडेल व्हायचं म्हणून शरीराचे हाल करतात. बारीक होण्यासाठी पट्टकृमी गिळण्याचा प्रसंग येतो तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी 'नको गं' म्हणालं. मधे उठून गेलेलेही होते. आशुतोष गोवारीकरांच्या अध्यक्षतेखालच्या ज्युरीने पुढे यालाच सुवर्ण मयूर, म्हणजे इफ्फीचा सर्वोच्च पुरस्कार, दिला. म्हणून माझा आडाखा असा: नावाजलेल्या दिग्दर्शकाच्या नव्यापेक्षा अनोळखी देशातला पहिला चित्रपट निवडा. फसलात तर दोन तास जातील, पण लागला तर वर्षभर पुरतो.

आता व्यवहाराचं. डेलिगेट नोंदणी ऑनलाइन होते, सिनेरसिकांसाठी तेव्हा हजार रुपये अधिक जीएसटी होती. पास मिळाला म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. प्रत्येक खेळासाठी वेगळं बुकिंग करावं लागतं आणि चर्चेतले खेळ बघता बघता भरतात. मिळालं नाही तरी हिरमुसू नका, रश लाइनला, म्हणजे बुकिंग नसलेल्यांच्या ऐनवेळच्या रांगेत, उभे राहा. बुकिंग करून न येणारे खूप असतात. जुन्या चित्रपटांना तर रश लाइनमधून बहुधा आत जाता येतं, नव्यांना मात्र तासभर आधी जा.

मुक्काम पणजीतच ठेवा, भाडं जास्त पडलं तरी. आयनॉक्स आणि मॅकिनेझ पॅलेस ही खेळांची ठिकाणं एकाच आवारात आहेत, कांपालची कला अकादमी तिथून चालत जाण्याजोगी. पर्वरीचं आयनॉक्स मांडवीच्या पलीकडे. पुलावरची वाहतूक तुंबली की दहा मिनिटांचा रस्ता खेळ चुकवतो. म्हणून एका दिवशी एकच बाजू धरा: पर्वरी तर पर्वरी, पणजी तर पणजी. दोन खेळांमध्ये निदान पाऊण तास ठेवा, जेवणासाठी दुपारचा एखादा खेळ सरळ सोडा. पाचवा चित्रपट पाहताना पहिल्याची नावं आठवत नाहीत, तेव्हा दिवसाला तीन पुरेत. हॉलमधला एसी नोव्हेंबरातही कडक असतो, शाल किंवा जाकीट लागतंच.

रेल्वेने येणाऱ्यांनी करमळीला उतरावं, पणजीला तेच जवळ. थिवी आणि मडगाव दूर पडतात. महोत्सव 20 ते 28 नोव्हेंबर असतो आणि आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे परतीच्या तिकिटासाठी सप्टेंबरच्या शेवटी सकाळी आठला तयार बसा. चित्रपटांची यादी त्यानंतर कधीतरी येते, तिची वाट बघत थांबलात तर कोकण रेल्वेत जागा उरत नाही.