पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भुंगेरा

बालसाहित्यावरील एका लघुप्रबंधाच्या मौखिकीसाठी मला बाह्य परीक्षक म्हणून बोलावण्यात आले होते. विषय होता एल. फ्रँक बॉम यांची १९०० साली प्रसिद्ध झालेली ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ ही कादंबरी. विद्यार्थिनीचे प्रतिपादन असे होते की ही कथा म्हणजे चलन केवळ सोन्यावर आधारावे की चांदीवरही, या तत्कालीन अमेरिकेतील राजकीय वादाचे रूपक आहे: पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सोने, कथानायिका डोरोथीचे चांदीचे जोडे म्हणजे चांदीच्या नाण्यांची मागणी, बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातील कामगार आणि भित्रा सिंह म्हणजे चांदीच्या नाण्यांचा पुरस्कार करणारे राजकीय नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन.

ही मांडणी मुळात हेन्री लिटलफील्ड या शिक्षकाची. विद्यार्थ्यांना त्या काळाचा इतिहास शिकवताना ती त्यांना उपयोगी पडली, १९६४ साली ती ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ या नियतकालिकात छापून आली, आणि बॉम त्या राजकारणाचे समर्थक होते असे मानण्यास आधार नाही, हे पुढे लिटलफील्ड यांनी स्वतःच लिहिले. लघुप्रबंधात यातला शेवटचा भाग नव्हता. पुस्तक केवळ मुलांच्या आनंदासाठी लिहिले आहे, हे बॉम यांचे प्रास्ताविकातील विधान मात्र होते. पण ते ‘लेखकाने पांघरलेला बुरखा’ म्हणून निकालात काढले होते. लेखकाचा नकारही पुरावा ठरत असेल, तर असे प्रतिपादन कशानेच खोडता येणार नाही, आणि मला हा दोष गंभीर वाटला.

मी विचारले, “लाकूडतोड्याच्या पायाखाली भुंगेरा चिरडतो, त्या प्रसंगाचे तुम्ही काय करता?”

तो प्रसंग प्रबंधात कुठेच नव्हता. ज्याला हृदय नाही तो त्या किड्यासाठी रडतो, अश्रूंनी त्याचा जबडा गंजतो, त्याच्या खाणाखुणा डोरोथीला कळत नाहीत, सिंहालाही कळत नाहीत, आणि ज्याला मेंदू नाही ते बुजगावणेच तेलाची बुधली उचलून त्याचे तोंड मोकळे करते. हृदय, मेंदू असे जे मिळवायला हे प्रवासी जादूगाराकडे निघाले आहेत ते त्यांच्यापाशी आहेच, हे बॉम येथे एकही शब्द न समजावता सांगतात, आणि मुलाला ते मोठ्यांच्या आधी उमगते.

विद्यार्थिनीने चांगला प्रतिवाद केला. मंतरलेल्या कुऱ्हाडीने लाकूडतोड्याचा एकेक अवयव तुटतो आणि तिथे पत्रा येतो, यात कामगाराचे यंत्र होणे दिसत नाही का, असे तिने विचारले. दिसते, आणि तो वाचनाचा सर्वांत बळकट भाग आहे, हे मी मान्य केले. परंतु पत्र्याचा झाल्यावरही तो रडतो, त्याचे काय? ती बराच वेळ विचार करत राहिली आणि त्या प्रकरणावर नव्याने लिहिण्याची परवानगी तिने स्वतःहून मागितली.

दुरुस्तीसह लघुप्रबंध स्वीकारावा, अशी शिफारस मी केली. सहपरीक्षकांच्या मते भुंगेऱ्याचा प्रसंग संशोधनासाठी फारच किरकोळ होता. मला ते पटले नाही, आणि माझे मत मी अहवालात कारणांसह नोंदवले.