तुम्ही विचारलंत म्हणून: डाउटिंग थॉमस या जोडीचा दुसरा अल्बम कुठाय?

त्यांचा 'द इन्फिडेल' हा अल्बम मी ज्यांना ज्यांना ऐकवला, त्यातल्या बहुतेकांनी शेवटी हेच विचारलं. दुसरा अल्बम नाही. डाउटिंग थॉमस या नावाने 1991 साली शिकागोच्या वॅक्स ट्रॅक्स या रेकॉर्ड कंपनीने हा एकच स्टुडिओ अल्बम काढला. आदल्या वर्षी एक ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी तबकडी, आली होती, तेवढीच. मग का नाही, हेही सांगायला हवं.

जोडी कॅनडातली. केविन क्रॉम्प्टन, ज्याला सेविन की या नावाने ओळखतात, आणि ड्वेन गेटल. दोघंही व्हँकुव्हरच्या स्किनी पपी या बँडमधले. क्रॉम्प्टन 1982 पासूनचा, गेटल 1986 मध्ये आला. तिथे ओगर गायचा, आणि एकदा तो गायला लागला की कान त्याच्याकडेच जायचा. इथे गायक नाही. सिनेमातले संवाद तुकड्यातुकड्यांनी येतात, बाकी सगळं यंत्रांवर. डाउटिंग थॉमस म्हणजे संशयी थोमा. नाव घेतलं ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या या शिष्याचं, येशूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही असं म्हणणाऱ्याचं. थोमा या शब्दाचा अरामी भाषेतला अर्थ 'जुळा'. दोघांच्या जोडीला याहून चांगलं नाव मला सुचत नाही.

"पण हे सगळं मशीनच वाजवतंय ना?" असंही विचारतात. सॅम्पलर म्हणजे मुद्रित केलेला आवाज मेमरीत ठेवून तो पट्ट्यांवर वाजवू देणारं यंत्र. तेव्हाच्या सॅम्पलरचं काम कसं चालायचं ते बघा. सीडीच्या दर्जाचा एका सेकंदाचा मोनो आवाज 88 किलोबाइट जागा खातो. म्हणजे एक मेगाबाइट मेमरीत जेमतेम बारा सेकंद मावतात. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते आधी कानाने ठरवावं लागे. शिवाय तोच आवाज एक सप्तक खालच्या पट्टीवर वाजवला की तो दुप्पट लांबतो. दार आपटल्याचा आवाज घ्या आणि दोन सप्तकं खाली उतरवा. दार राहत नाही, डोंगराच्या पोटात काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. पण कोणती पट्टी दाबायची आणि किती वेळ धरायची, हे बोटंच ठरवतात.

हे मला बाबांनी शिकवलं. ते भजनात पेटी वाजवत. एका रविवारी मी हा अल्बम मोठ्या स्पीकरवर लावला होता आणि ते पेपर वाचत बसले होते. ठोक्यांचा गदारोळ त्यांनी निमूटपणे सोसला. मग त्याच गदारोळाच्या मागून लांबलचक, संथ स्वर सुरू झाले. बाबांनी पेपर मांडीवर ठेवला, उजव्या हाताची बोटं पेपरावरच हलवली आणि म्हणाले, "हा शिकलेला आहे. पहिला स्वर सोडायच्या आत दुसरा धरतोय बघ." गेटल शास्त्रीय पियानो शिकलेला होता. मी तोवर दहा वर्षं हा अल्बम ऐकत होतो आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. तेव्हापासून मी ठोक्यांकडे कमी आणि त्या स्वरांकडे जास्त कान देतो, आणि माझ्या मते या अल्बमचा जीव तिथेच आहे.

आता दुसऱ्या अल्बमबद्दल. दोघांचं काही बिनसलं नव्हतं. 1992 मध्ये स्किनी पपीचा 'लास्ट राइट्स' आला, त्यात दोघंही आहेत. पुढे डाउनलोड या नव्या बँडमध्येही ते एकत्र होते. 23 ऑगस्ट 1995 ला गेटल एडमंटनला हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला. वय 31. 'द इन्फिडेल'मध्ये त्या मृत्यूची चाहूल शोधणारे लोक मला भेटतात, आणि मला ते पटत नाही. तो वाजवला तेव्हा गेटल पंचविशी नुकतीच ओलांडलेला, हातात भरपूर काम असलेला माणूस होता. त्याचा आनंद त्या स्वरांत स्पष्ट ऐकू येतो.

त्याच हाताचं आणखी ऐकायचं असेल, तर डाउनलोडचा 1995 चा 'फर्नेस' लावा. तो बाहेर आला तेव्हा गेटल नव्हता, पण त्यात तो आहे.