माहेरच्या यादीतलं माझं नाव

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. पाटण तालुक्यातल्या एका डोंगरगावात माझी ड्युटी होती, मतदान अधिकारी क्रमांक एक. मतदाराचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि यादीत त्याच्या रकान्यावर लाल पेनानं रेघ मारायची, हे माझं काम. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर अभिरूप, म्हणजे मशीन तपासायच्या चाचणी मतदानाची ५० मतं टाकली, मोजून दाखवली, मशीन क्लिअर करून सील केलं, आणि सात वाजता रांग सुरू झाली.

केंद्राध्यक्षांजवळ एक वेगळी यादी असते. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत म्हणून नोंद झालेल्यांची. त्यातलं कुणी आलंच, तर केंद्राध्यक्ष स्वतः कागदपत्रं तपासतात आणि सहीबरोबर अंगठाही घेतात. दुपारी असाच एक गडी आला. मुंबईत हमाली करणारा, रात्रभर प्रवास करून आलेला. त्याच्या नावापुढं ‘स्थलांतरित’. सगळं तपासून होईपर्यंत तो निमूट उभा राहिला, अंगठा उठवला आणि म्हणाला, “बाई, तिकडं नाव लावलंच नाही. गावचं एकच आहे, म्हणून तर आलो.”

मी मान खाली घालून पुढचं नाव वाचलं. माझी नावं दोन होती. एक सासरी कराडला, एक माहेरी तासगाव तालुक्यात.

हे मला त्या दिवशी कळलं असं नाही. मे महिन्यात लोकसभेला आईनं फोनवर सांगितलं होतं, की माझी मतदार चिठ्ठी घरी आली आहे, आणि आण्णांचीसुद्धा. आण्णा, म्हणजे माझे वडील, २०२१ मध्ये गेले. ७ मेला सातारा आणि सांगली दोन्हीकडं एकाच दिवशी मतदान होतं. आदल्या रात्री गावाकडच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला, “ताई, यादीत नाव आहे तुमचं. गाडी पाठवतो, सकाळी कराडला उरका आणि या.” मी नाही म्हटलं आणि विसरून गेले. विसरायला नको होतं.

नाव दोनदा लागलं ते असं. लग्नानंतर मी नवीन मतदार म्हणून फॉर्म ६ भरला. खरं तर जुन्या नोंदीचं सांगायला हवं होतं; आता पत्ता बदलला की त्यासाठी फॉर्म ८ भरायचा असतो, म्हणजे जुनी नोंद सुटून नव्या जागी येते. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आडनाव बदललेलं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, फोटो वेगळा. अशी जोडी संगणकाला सहजी सापडत नाही. सासरी आलेल्या किती बायकांचं असं झालं असेल! दोन मतदारसंघांत नाव ठेवणं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याला मान्य नाही, आणि फॉर्मवरच्या घोषणेत जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

मी दोनदा मत कधीच दिलं नाही. पण माहेरच्या यादीत माझा कॉलेजातला फोटो आहे, दोन वेण्यांचा. उद्या तिथं दुसरीच बाई माझी चिठ्ठी घेऊन उभी राहिली, तर माझ्यासारखीच एखादी शिक्षिका, समोर तीसेक माणसांची रांग असताना, तिला ओळखणार कशी? एजंट आक्षेप घेऊ शकतो, त्याला दोन रुपये भरावे लागतात, बस. पण भावकीतल्या माणसाविरुद्ध ते दोन रुपये खिशातून काढणारा एजंट मी तरी पाहिला नाही. म्हणून जे करायचं ते यादीतच, मतदानाच्या आधी करायला हवं.

डिसेंबरात माहेरी गेले. आण्णांचं नाव सोपं गेलं. आई त्याच यादीतली मतदार, तिच्या नावानं नाव वगळायचा फॉर्म ७ भरला, ग्रामपंचायतीतला मृत्यूचा दाखला जोडला. बीएलओ, म्हणजे गावातल्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या, गावातल्याच अंगणवाडीच्या ताई. त्या घरी आल्या, आण्णांच्या फोटोकडं बघून गप्प बसल्या, मग शेजारी विचारून पंचनामा लिहिला. सही करताना आईचा हात थांबला. “सगळीकडनं गेलं गं त्यांचं नाव,” एवढंच बोलली.

माझ्या वेळी मात्र ती अडली. “रेशन कार्डावरनं काढलं, सातबाऱ्याला तू हक्कसोड दिलास. आता हे एक ऱ्हाऊ दे की. नाव ऱ्हायलं म्हणून काय बिघडतंय?” याला माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. मग तिला पाटणच्या त्या गड्याची गोष्ट सांगितली. ऐकून ती उठली आणि कपाटातून माझं जुनं मतदार ओळखपत्र काढून दिलं. त्यावर तिरक्या रेघांचा तो लांबलचक जुना क्रमांक. यादीत शोधलं, तर तिथं नवा दहा अंकी-अक्षरी क्रमांक पडलेला.

मोबाइलवरून केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. अर्जदार सासरच्या नावाची, काढायचं नाव माहेरचं, आणि दोघी एकच हे सांगणारा कागद जोडलेला नाही. मग शनिवारी शाळा सुटल्यावर जावं तर कचेरी बंद, म्हणून मधल्या वारी किरकोळ रजा टाकून तहसीलची निवडणूक शाखा गाठली. तिथल्या लिपिकानं आधी मला घाबरवलंच, “दोन्हीकडं नाव होतं असं लेखी देताय, विचार करा.” मी विचार केला होता. विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही क्रमांक, आणि चूक कशी झाली ते जसंच्या तसं लिहून सही केली. नोटीस निघाली, बीएलओ ताई परत घरी जाऊन आल्या. मार्चात निर्णय झाला.

हे काम विधानसभेपुरतं नाही. ग्रामपंचायतीची, झेडपीची यादीही विधानसभेच्या याच यादीवरून वेगळी काढतात, राज्य निवडणूक आयोग त्यात स्वतः नावं घालत किंवा काढत नाही. आणि ग्रामपंचायतीला एका-दोन मतांवर वॉर्ड फिरतो, समान मतं पडली तर चिठ्ठी टाकावी लागते. आमच्या वॉर्डातली दोन मतं म्हणजे थोडकी नव्हेत.

गेल्या वर्षीच भावाचं लग्न झालं. वहिनी जत तालुक्यातली. तिचा फॉर्म मी शेजारी बसून भरून घेतला, फॉर्म ८. नवी यादी आली तेव्हा आईनं चष्मा लावून घर क्रमांकावर बोट ठेवलं. खाली तीन नावं होती. आई, भाऊ, वहिनी.