आमची वाटचाल : लाटण्यापासून बॅगपाइपपर्यंत

आमचे अप्पा बेळगावात कातकाम करायचे. पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खूर, खाटेचे पाय, गिऱ्हाईक सांगेल ते. १९८४ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक पाइप मेजर, म्हणजे बॅगपाइपवाल्यांचे प्रमुख, फडक्यात गुंडाळलेली एक काळी नळी घेऊन दुकानात आले. मधोमध चिरलेली. "असलीच दुसरी करून दे," एवढंच म्हणाले. रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून गावात, त्यामुळे पाइपचा, म्हणजे काखेत हवेची पिशवी दाबून वाजवायच्या बॅगपाइपचा, आवाज अप्पांच्या कानात लहानपणापासून होता. नळीच्या आत काय असतं ते मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ती नळी ड्रोनची. सनईवाल्याशेजारी एकजण नुसता सूर धरून बसतो, ते काम पाइपमध्ये तीन ड्रोन करतात: दोन टेनर षड्जाच्या एक सप्तक खाली, एक लांबलचक बेस दोन सप्तकं खाली. आतलं भोक सरळ, टप्प्याटप्प्याने बदलणारं. अप्पांनी शिसवीतून जोड करून दिला, सांध्यावर मेणाचा दोरा गुंडाळला, आणि तो बसला. मेजरसाहेब खूश. लगेच म्हणाले, आता चँटर कर.

चँटर म्हणजे बोटं चालवायची नळी. अप्पांनी बाहेरचं माप हुबेहूब घेतलं, स्वरांची भोकं जिथल्या तिथे पाडली, पण आत ड्रोनसारखंच सरळ गिरमिट घातलं. वाजवून बघितलं तर आवाज दबका आणि खालचा, जणू कुणी रजईतून बोलतंय. मेजरसाहेब हसत सुटले. चँटरचं पोट निमुळतं असतं. वर घशाशी चारेक मिलिमीटर, तळाशी वीसच्या आसपास. मैदानभर ऐकू जाणारा तो टणत्कार त्या निमुळतेपणातून येतो. मग उद्यमबागेतल्या एका टूलवाल्याकडून लांब निमुळता रीमर घडवून घेतला. तीन लाकडं फुकट गेली, चौथं वाजलं. पहिलं सरळ भोकाचं चँटर अजून भिंतीवर आहे. पुढे एडिनबराहून आलेल्या एका वादकाने ते पाहून सांगितलं की त्यांच्याकडे घरात वाजवायचे छोटे पाइप असतात, त्यांचं चँटर असंच सरळ. अप्पांना हे ऐकायला मिळालं नाही.

पिशवीचा किस्सा वेगळा. सुरुवातीला कोल्हापुरातून मेंढीचं कातडं शिवून आणायचो. हवा धरावी म्हणून आतून ग्लिसरीन आणि मध चोळायचा. आई म्हणायची, घरात पखाल आणून ठेवलीय. तिचं चुकत नव्हतं. डाव्या काखेत दाबायची ती पखालच. माणूस श्वास घेतो तेव्हा ती वाजवत राहते. म्हणूनच सूर कधी तुटत नाही, आणि एकच स्वर दोनदा घ्यायचा तर मध्ये बोट उडवून कण, म्हणजे क्षणभराचा दुसरा स्वर, लावावा लागतो. स्वर फक्त नऊ. शुद्ध गंधार, कोमल निषाद. खमाज थाट ओळखणाऱ्याला लगेच जवळचं वाटतं.

"हे स्कॉटलंडचंच ना?" असं दर दुसरं गिऱ्हाईक विचारतं. मी म्हणतो, तिथलं नाव मोठं, वाद्य जुनं. पहिल्या शतकातला ग्रीक वक्ता दिओ ख्रिसोस्तोम काखेत पिशवी दाबून वाजवणाऱ्या एका सम्राटाबद्दल लिहितो; तो नीरो, असं मानतात. तेराव्या शतकातल्या स्पेनच्या चित्रांत पाइपवाले दिसतात. आपल्याकडे राजस्थानात मशक आहे, कुमाऊँ-गढवालच्या लग्नांत मशकबीन वाजते. स्कॉटलंडने त्याला लढाईत नेलं, हे खरं. १७४६ साली इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये, बंडात पकडलेल्या जेम्स रीड नावाच्या पाइपवाल्याने 'मी शस्त्र उचललंच नाही' असा बचाव केला. न्यायालयाने पाइपलाच युद्धाचं साधन ठरवून त्याला फाशी दिली. आमच्या मालाला याहून मोठं प्रमाणपत्र काय हवं!

२०१७ मोठं वाईट गेलं. जानेवारीत शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, आणि परदेशातल्या एका बँडची ऑर्डर कागदांत अडकली. आफ्रिकन ब्लॅकवूड, जे पाण्यात टाकलं की बुडतं आणि ज्याचे उत्तम पाइप होतात, तेही त्याच कुळातलं. २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर आम्ही डेलरिनच्या प्लास्टिक चँटरकडे वळलो होतो. मला त्याची लाज वाटत नाही. शाळेच्या मुलांना उन्हात उभं करतात, तिथे लाकूड तडकतं, डेलरिन नाही.

आता लेथवर मी, रीड्स, म्हणजे हवेने थरथरून आवाज काढणाऱ्या पात्या, माझी मुलगी बांधते. बोरूच्या दोन पात्या चाकूने खरवडून दिव्यासमोर धरते, कानाशी नेऊन फुंकते, पुन्हा खरवडते. दहातल्या तीन-चार टाकून देते. मला ते बघवत नाही, पण तक्रारी कमी झाल्यात.

लाकडी सेट हवा असेल तर २६ जानेवारीच्या बँडसाठी आदल्या एप्रिलमध्येच सांगा. ओबडधोबड कातून ठेवलेलं लाकूड महिनोन् महिने मुरावं लागतं. जुलैत मागाल तर नाहीच म्हणेन. बेळगावच्या पावसात सांधे फुगतात आणि मग ड्रोन हलवायला दोघं लागतात.