तुम्ही लिहीत काय बसता, सिस्टर?

"पेशंट तिकडं तडफडतोय अन् तुम्ही लिहीत काय बसल्या?" कॅज्युअल्टीत हे सारखं कानावर येतं. कधी अहिराणीत, "ताई, काय लिखी राहिनी?" माहेरच्या बोलीत ते जरा जास्तच झोंबतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की जळगाव-धुळ्याकडे विषबाधेचे पेशंट येऊ लागतात. तोंडाला फेस, छातीत घरघर, नाडी मंद. ऑरगॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक असलं की उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन. एक अँप्युल ०.६ मिलिग्रॅमचं, मोठ्या माणसाला सुरुवातीला ३ ते ५ अँप्युल, आणि छाती मोकळी झाली नाही तर ५ मिनिटांनी दुप्पट. मग पुन्हा दुप्पट. छाती साफ झाली, नाडी ८० च्या वर गेली, की दुप्पट करणं थांबवायचं. कधी दिलं, किती दिलं, त्यानंतर नाडी किती, घरघर उरली का, हे समोर नसेल तर पुढची सिरिंज कशाच्या भरवशावर भरू? जास्त झालं तर ताप चढतो, पेशंट बडबडतो, हवेतलं काहीतरी वेचायला लागतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. आम्ही तक्ता बघतो.

सर्पदंशात तर सुजेच्या कडेला पायावरच पेनानं रेघ मारून वेळ टाकतो. ती रेघ ओलांडून सूज किती चढली ते नंतर कळतं. रक्त गोठतं का ते बघायला काचेच्या नळीत घेतलेलं रक्त २० मिनिटं हलवायचं नसतं, त्या नळीवरही वेळ.

घाईत डॉक्टर तोंडी ऑर्डर देतात. ती मोठ्यानं परत म्हणायची, द्यायची, लगेच लिहायची, डॉक्टरांची सही मागाहून. कागद हाताशी नसला तर मायक्रोपोरच्या चिकटपट्टीवर. चुकलं तर एक रेघ आणि सही, व्हाइटनर नाही.

एमएलसीचे, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या केसचे कागद कोर्टात जातात, हे खरं. पण नव्या मुलींना "कोर्टासाठी लिही" म्हणून दटावतात, ते मला पटत नाही. कोर्टाची तारीख लागायला वर्षं जातात. नाइटची सिस्टर आजच येणार असते, आणि तिला पेशंट त्या कागदावरूनच कळतो.

चोपडा, रावेरकडून पेशंट पुढं पाठवला, तर चिठ्ठीवर साप चावल्याची वेळ आणि विषावरची लस किती व्हायल (बाटल्या) दिली ते आहे का, तेवढं गाडीत बसण्याआधी बघा. आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पिशवीत घालून आणा, लेबलसकट. त्यावरचं नावही मला लिहायचं असतं.