तुम्ही विचारलंत म्हणून: वरून तारीख आली की मायग्रेशनला (चालू डेटाबेसच्या रचनेतल्या बदलाला) नाही कसं म्हणायचं?

टीममध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. खरं सांगू का, मी नाही म्हणतच नाही. नाही म्हटलं की चर्चा आपण घाबरतोय का यावर जाते आणि डेटाबेस राहतो बाजूला. मी आधी प्रॉडक्शनचा (खऱ्या, चालू डेटाबेसचा) बॅकअप रिस्टोअर करून त्यावर घड्याळ लावून तालीम करते.

आमच्या एका टेबलचा आयडी इंटिजर (4 बाइटचा पूर्णांक) होता, म्हणजे 2147483647 ला गाडी थांबणार, पुढे एकही नवीन एन्ट्री नाही. तो बिगइंट (8 बाइटचा, खूप मोठे आकडे मावणारा) करायचा होता आणि निरोप आला, शनिवारी रात्री 2 तासांत उरका, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) 40 सेकंदांत झालंय ना. झालं होतं, पण स्टेजिंगवर डेटा होता कितीसा! पोस्टग्रेसमध्ये (हाच आमचा डेटाबेस) हा बदल म्हणजे अख्खं टेबल नव्याने लिहिणं, आणि तोवर त्यावर साधं वाचणंसुद्धा बंद. रिस्टोअर केलेल्या कॉपीवर 5 तास 10 मिनिटं लागली. मीटिंगमध्ये तो स्क्रीनच उघडून ठेवला, मग कुणी वाद घातला नाही, "मग करायचं कसं" एवढंच विचारलं.

केलं असं, की नवा बिगइंट कॉलम जोडला, ट्रिगर (नव्या एन्ट्रीचा आयडी त्यातही आपोआप लिहिणारा) लावला, जुन्या रो 5-5 हजार करत भरल्या आणि शेवटी दोन्ही कॉलमच्या नावांची अदलाबदल. 3 आठवडे गेले, पण सर्व्हिस थांबली ती काही सेकंद. आणि हो, लॉक टाइमआउट (टेबलचा ताबा मिळायची वाट किती वेळ बघायची याची मर्यादा) लावल्याशिवाय कॉलम जोडायची साधी कमांडही मारू नका, ती एखाद्या लांबलेल्या रिपोर्टच्या क्वेरीमागे अडकली की तिच्यामागे सगळ्यांची रांग लागते.

त्या रिस्टोअरमुळे बॅकअप खरा आहे हेही कळतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेच्या इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडाला, तेव्हा ठरलेले बॅकअप कामी आले नाहीत, उपयोगी पडली ती 6 तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेली कॉपी.

अजून एक, मागे फिरायचं की नाही हे कोण ठरवणार त्याचं नाव आणि वेळ आधीच लिहून घ्या, रात्री 3 ला विचारलं तर प्रत्येकजण म्हणतो अजून 10 मिनिटं बघू. परत फिरता यावं म्हणून अदलाबदलीनंतरही आम्ही नवा आयडी जुन्या कॉलममध्येही लिहीत राहिलो होतो, पण आकडा 2147483647 च्या पुढे गेला की तो जुन्यात मावत नाही, परतीची वाट तिथे संपते. अदलाबदल केली तेव्हा त्याला साधारण दीड महिना बाकी होता, आणि ती तारीख साहेबांच्या मेलमध्ये आधीपासून होती.