बारावी इंग्रजी: अलंकार आणि निबंधाची उजळणी एकाच वहीत

नाशिकमध्ये बारावीच्या मुलांची इंग्रजीची उजळणी घेताना दर वर्षी एकच मागणी असते: आधी फिगर्स ऑफ स्पीच (अलंकार) संपवू, मग रायटिंग स्किल्सकडे वळू. मी दोन्ही एकत्रच घेतो. अलंकार असो वा निबंध, गुण मिळतात ते 'कशावरून म्हणता?' याचं उत्तर दिल्यावर.

कवितेवर दोन गुणांचा प्रश्न असतो: अलंकार ओळखा आणि स्पष्ट करा. नाव बरोबर येतं, पण स्पष्टीकरणात मुलं पाठ केलेली व्याख्या उतरवतात. 'सिमिली मीन्स कम्पॅरिझन ऑफ टू थिंग्ज' हे जगातल्या कुठल्याही सिमिलीला (उपमेला) चालेल, समोरच्या ओळीबद्दल ते काहीच सांगत नाही. कशाची तुलना, कशाशी, कोणत्या गुणामुळे, एवढं लिहिलं की झालं. पर्सोनिफिकेशन असेल तर वस्तू कोणती आणि तिला माणसाची कोणती क्रिया चिकटवली ते सांगायचं, आणि ते क्रियापद कवितेतलंच अवतरणात द्यायचं.

डायजेस्टमधली यादी ओळीने पाठ करू नका. जे अलंकार एकमेकांत गोंधळतात ते शेजारी मांडा. 'द गोदावरी स्लीप्स अंडर द ब्रिज' हे पर्सोनिफिकेशन. 'ओ गोदावरी, हिअर मी!' अशी थेट हाक आली की अपॉस्ट्रॉफी. 'ओपन सीक्रेट' ऑक्सिमोरॉन, कारण विरोधी शब्द अगदी लागून आलेत. 'मॅन प्रपोजेस, गॉड डिस्पोजेस' अँटिथिसिस, कारण तोललेल्या दोन भागांत विरोध आहे. 'द मोअर यू लर्न, द लेस यू नो' हा पॅराडॉक्स: ऐकायला अशक्य, विचार केला तर खरं. 'स्लीपलेस नाइट'मध्ये झोप माणसाला नाही, विशेषण मात्र रात्रीला लागलं. म्हणून ट्रान्सफर्ड एपिथेट.

इन्व्हर्जन, म्हणजे शब्दक्रमाची उलटापालट, आपल्या मुलांच्या हातून हमखास निसटतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मराठीत 'पाऊस आला' काय आणि 'आला पाऊस' काय, दोन्ही कानाला सरळच वाटतं. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम बराच घट्ट असतो, त्यामुळे 'डाउन केम द रेन' लगेच खटकायला हवं. स्पष्टीकरणात 'वर्ड ऑर्डर इज चेंज्ड' एवढ्यावर थांबू नका; सरळ क्रमाचं वाक्य, 'द रेन केम डाउन', लिहूनच दाखवा.

अ‍ॅलिटरेशन (जवळच्या शब्दांची एकाच आवाजाने सुरुवात) आवाजाचं असतं, अक्षराचं नाही. शंका आली तर शब्द देवनागरीत लिहून बघा. 'सिटी', 'कार', 'चर्च' तिन्ही इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, पण देवनागरीत स, क, च वेगळे दिसतात, म्हणजे अ‍ॅलिटरेशन नाही. उलट 'फोन' आणि 'फादर' यांची इंग्रजी अक्षरं वेगळी, पण आवाज 'फ'चाच. युक्ती फसते ती व्ही आणि डब्ल्यूपाशी, कारण घाईत आपण दोन्हींना 'व' लिहितो. तिथे व्हीला 'व्ह' लिहायची शिस्त ठेवा.

अ‍ॅप्रिसिएशन, म्हणजे कवितेचं रसग्रहण, चार गुणांचं. कवी आणि शीर्षक, आशय, अलंकार आणि भाषा, संदेश आणि स्वतःचं मत, हे मुद्दे ठरलेले. यात अलंकारांच्या मुद्द्याची भाजीबाजारातली यादी होते: सिमिली आहे, मेटाफर आहे, रिपिटिशन आहे. दोनच घ्या, पण शब्दांसकट, आणि त्याने कवितेत काय घडतं ते लिहा. 'मी' म्हणणारा नेहमी कवीच असतो असं नाही, म्हणून 'द स्पीकर' म्हणणं सुरक्षित. काळ वर्तमान: 'सेज', 'सेड' नव्हे. यमक नाही म्हणून लगेच फ्री व्हर्स (मुक्तछंद) लिहू नका. ओळींना ठरलेली लय असेल तर ते ब्लँक व्हर्स.

आता निबंध, म्हणजे एक्स्पान्शन ऑफ आयडियाज: दिलेल्या विचाराचा विस्तार, हाही चार गुणांचा. पूर्ण पेपर तीन तास, ऐंशी गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं, चार गुणांना नऊ. वाचन आणि तपासणी वजा करता हातात आठ धरा. दोन मिनिटं मुद्दे, पाच लिहायला, एक तपासायला. ओळीत आठ शब्द बसत असतील तर पंधरा ओळींत एकशेवीस शब्द होतात. शब्द मोजत बसायचं नाही. 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड' ही सुरुवात खोडून टाका. पहिल्या वाक्यात आपली भूमिका यायला हवी.

'नो पेन्स, नो गेन्स' आलं की बहुतेक जण 'वी मस्ट वर्क हार्ड' तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहितात. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांच्या घरातच दाखला असतो. एप्रिलच्या आसपास द्राक्षवेलीची खरड छाटणी होते, तेव्हा हाती एक घडही येत नाही, नुसती काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि माल पुढे जानेवारीपासून निघू लागतो. हे दोन वाक्यांत लिहायचं आणि तिसऱ्यात सांगायचं की एप्रिलमधली छाटणी टाळली असती तर ऑक्टोबरच्या छाटणीला फळ देणारी काडीच नसती. ते तिसरं वाक्य बरेच जण गाळतात. मग दाखला नुसता लटकत राहतो, जसा स्पष्टीकरणाशिवाय लिहिलेला अलंकार.

तपासणीच्या त्या एका मिनिटात तीनच गोष्टी पाहा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' घुसलं का? 'वन ऑफ द'नंतर अनेकवचन आहे का? 'टोल्ड दॅट'मध्ये कुणाला सांगितलं ते राहिलं का? अलंकारांच्या स्पेलिंगवरही एक नजर टाका. ऑनोमॅटोपियात (आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांचा अलंकार) 'पी'नंतर ओ, ई, आय, ए अशी चार अक्षरं येतात. आणि 'सिमिली'तला पहिला 'आय' गळला की उत्तरपत्रिकेत 'स्माइल' होते.